सोबतीचा तह आणि आश्रयाचा तह

नागपूरहून उमरेडच्या वाटेला लागलेल्या प्रवाशाला मध्ये पाचगाव लागते. २६ जानेवारी १७७५ रोजी पाचगावच्या रणात नागपूरकर भोसल्यांच्या घरातील दोन भाऊ, साबाजी आणि मुधोजी, गादीच्या वादापायी आपापल्या फौजा घेऊन समोरासमोर आले, साबाजी भावाच्याच गोळीने ठार झाला आणि नागपूरच्या दौलतीचा कारभार मुधोजीच्या हाती आला. त्याच साली मुधोजीने उमरेडला वास्तव्य करून तेथे किल्ला बांधला, अशी नोंद जुन्या गॅझेटियरांत सापडते. त्या किल्ल्याचा दरवाजा आणि विटांच्या भिंतीचा काही भाग, एवढेच काळाने आमच्यासाठी मागे ठेवले आहे. त्या दरवाजासमोर उभे राहिले म्हणजे मन एका प्रश्नापाशी येऊन थांबते. ज्या घराण्याने एकेकाळी कटकपर्यंत आपला अंमल बसवला, ज्याच्या सेनासाहेबसुभा या किताबातच सेनेचे आधिपत्य गोवलेले होते, त्या घराण्याने पाचगावच्या लढाईनंतर अवघ्या एक्केचाळीस वर्षांत, एका रात्री एका कागदावर शिक्का उठवून, आपल्या राज्याचे रक्षण परक्याच्या हाती का सोपवले?

हा प्रश्न जुना असला तरी शिळा नाही. युरोपच्या उत्तर टोकाला असलेल्या फिनलंड आणि स्वीडन या दोन राष्ट्रांनी, दीर्घकाळ जपलेले लष्करी तटस्थतेचे धोरण सोडून, ‘नाटो’ या सैनिकी संघात प्रवेश केला, ही वार्ता आपण सर्वांनी वाचली. बलाढ्य शेजाऱ्याची भीती वाटू लागली म्हणजे लहान राज्याने एकटे राहावे, की दुसऱ्या बलवंताशी तह करावा? आणि तह करायचाच, तर तो कोणत्या कलमांनी करावा? फिनलंडपुढे जो पेच २०२२ साली उभा राहिला, तो नागपूरच्या दरबारापुढे १८०३ पासून १८१६ पर्यंत तेरा वर्षे उभा होता. म्हणून उत्तरेकडील त्या देशांचा निर्णय समजून घ्यायचा असेल, तर आपल्या घरची ही दप्तरे उघडून पाहणे उपकारक ठरेल, आणि आपल्या दप्तरांचा अर्थही त्या परक्या उदाहरणाच्या उजेडात अधिक स्पष्ट होईल.

प्रथम उत्तरेकडील हकीकत पाहू. फिनलंड हा देश ६ डिसेंबर १९१७ रोजी रशियन साम्राज्यातून स्वतंत्र झाला. त्याची रशियाशी असलेली सरहद्द सुमारे १३४० किलोमीटर लांबीची आहे. ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा ही सरहद्द ओलांडून आत घुसल्या आणि बर्फाने झाकलेल्या अरण्यांत १०५ दिवस युद्ध चालले. फिन लोकांच्या शौर्याची जगाने वाखाणणी केली, परंतु मदतीला पुरेशी फौज कोणी धाडली नाही. अखेर कारेलियाचा मुलूख सोडून देणे त्यांना भाग पडले आणि तेथील चार लाखांहून अधिक माणसे घरेदारे टाकून देशाच्या उरलेल्या भागात येऊन राहिली. नंतर पुन्हा एक युद्ध झाले, त्यातही पराभव पदरी आला, आणि १९४८ साली सोव्हिएत संघाशी मैत्रीचा व परस्पर साहाय्याचा करार करून फिनलंडने आपले स्वातंत्र्य राखले. मात्र परराष्ट्र व्यवहारात प्रत्येक पाऊल मॉस्कोच्या कपाळावरील आठी पाहून टाकावे लागे, असे ते स्वातंत्र्य होते.

शेजारच्या स्वीडनची गोष्ट निराळी होती. १८१४ नंतर त्या देशाने एकही युद्ध केलेले नाही, आणि तटस्थता ही तेथील लोकांना केवळ राजनीती न वाटता स्वतःच्या स्वभावाचा भाग वाटू लागली होती. नॉर्वे आणि डेन्मार्क हेही तटस्थच होते. परंतु ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीच्या फौजा त्या दोन्ही देशांत उतरल्या, तेव्हा आपली तटस्थता दुसऱ्याने मानली तरच तिला अर्थ असतो, हा धडा त्यांना फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. युद्धानंतर स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क यांनी आपसांतच एक संरक्षक मंडळ उभारण्याची खटपट केली. १९४९ च्या आरंभी ती फसली. आणि ४ एप्रिल १९४९ रोजी नाटोची स्थापना झाली, तेव्हा नॉर्वे, डेन्मार्क व स्वतःचे खडे सैन्य नसलेला आइसलंड हे तीन देश बारा संस्थापकांत सामील झाले. स्वीडन आणि फिनलंड मात्र बाहेरच राहिले, ते पुढे त्र्याहत्तर वर्षांहून अधिक काळ.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चढाई केली आणि या दीर्घ विचारसरणीचा पायाच हलला. युक्रेन कोणत्याही संघात नव्हता, म्हणून त्याच्या बाजूने रणात उतरण्यास कोणी बांधलेला नव्हता. ही गोष्ट फिनलंडच्या वृद्धांना १९३९ च्या हिवाळ्याची आठवण करून देण्यास पुरेशी होती. १७ मे २०२२ रोजी फिनलंडच्या संसदेत खुली चर्चा होऊन १८८ विरुद्ध ८ मतांनी नाटोत जाण्यास संमती मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी स्वीडन व फिनलंड या दोघांनी एकत्रच अर्ज दाखल केले. तुर्कस्तान आणि हंगेरी यांनी संमती लांबवल्यामुळे ते एकत्र आत जाऊ शकले नाहीत: फिनलंड ४ एप्रिल २०२३ रोजी एकतिसावा सदस्य झाला आणि स्वीडन ७ मार्च २०२४ रोजी बत्तिसावा.

आता नागपूरकडे वळू. ‘तैनाती फौज’ हा शब्द आपण शाळेच्या पुस्तकात वाचतो आणि परीक्षेपुरता पाठ करतो. परंतु त्यातील व्यवस्था नीट उलगडून पाहिल्यावाचून त्याचे मर्म कळत नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल वेलस्ली याने १७९८ साली हैदराबादच्या निजामाशी तह करून या पद्धतीला निश्चित रूप दिले. कंपनी सरकारने आपली कवायती पलटणे त्या राज्याच्या रक्षणासाठी ठेवावीत, त्यांचा खर्च त्या राज्याने रोख द्यावा किंवा तेवढ्या वसुलाचा मुलूख तोडून द्यावा, दरबारात कंपनीचा रेसिडेंट राहावा, आणि कंपनीच्या अनुमतीवाचून त्या राज्याने इतर कोणाशीही तह, युद्ध वा पत्रव्यवहार करू नये, हा तिचा सांगाडा. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस दुसऱ्या बाजीरावाने हीच व्यवस्था पत्करली आणि सहा पलटणांच्या खर्चासाठी सव्वीस लक्षांचा मुलूख लावून दिला. पेशवाच आश्रित झाला हे पाहून शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघुजी भोसले यांनी शस्त्र उचलले; २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला, २९ नोव्हेंबरला अडगावला पराभव झाला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबरला देवगावच्या तहाने रघुजींनी कटक प्रांत कंपनीला व वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाच्या पदरात घालण्यासाठी सोडून दिला. रेसिडेंट दरबारी आला. परंतु तैनाती फौज मात्र रघुजींनी स्वीकारली नाही.

या नकाराचे मोल आपण ओळखले पाहिजे. रघुजी हरलेले होते, त्यांच्या राज्याचे दोन संपन्न भाग गेले होते, आणि संकटे थांबली नव्हती. १८०९ साली पठाण सरदार अमीरखानाने राज्याच्या उत्तर भागावर चाल केली, तेव्हा कंपनीने, तहाने बांधलेली नसतानाही, आपल्या फौजा नर्मदेकडे धाडल्या. १८११ साली पेंढारी थेट नागपूरच्या वेशीपर्यंत आले आणि त्यांनी शहराबाहेरील वस्त्या लुटून जाळल्या. प्रत्येक संकटानंतर रेसिडेंटाकडून तीच सूचना येई, की आमची फौज ठेवा म्हणजे हा ताप संपेल. आणि प्रत्येक वेळी रघुजी ती टाळीत. पेंढारी येतो आणि जातो, परंतु घरात आणून ठेवलेली परक्याची पलटण जात नाही, हे त्यांच्या वर्तनातून स्पष्ट दिसते. तथापि नुसत्या नकाराने राज्य राखता येत नाही, हेही तितकेच खरे. नकाराच्या जोडीला स्वतःची कवायती फौज, वेळेवर पोचणारा तनखा आणि शेजारच्या मराठा सरदारांशी पक्के सख्य हवे होते. त्या बाबतीत तेरा वर्षांत जे व्हावयास हवे होते ते झाले नाही.

२२ मार्च १८१६ रोजी रघुजी निवर्तले. गादीवर आलेले त्यांचे पुत्र परसोजी शरीराने पंगू आणि कारभारास असमर्थ होते, म्हणून सत्ता कोणाच्या हाती राहावी यावरून वाड्यात दोन पक्ष पडले: एकीकडे रघुजींची राणी बाकाबाई आणि धर्माजी भोसले, तर दुसरीकडे रघुजींचे पुतणे मुधोजी, ज्यांना इतिहास आप्पासाहेब या नावाने ओळखतो. आप्पासाहेबांना आपली बाजू बळकट करण्यासाठी आधार पाहिजे होता, आणि रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याला कंपनीला तेरा वर्षे हुलकावणी देणारा तह पाहिजे होता. आप्पासाहेबांच्या वतीने नागो पंडित आणि नारायण पंडित यांनी बोलणी केली, आणि २७ मे १८१६ च्या रात्री, वाड्यातील दुसऱ्या पक्षाला सुगावा लागू न देता, तहनामा पुरा झाला. कंपनीची सहा पलटणे आणि एक रिसाला राज्यात राहावा, त्यासाठी सालिना साडेसात लक्ष रुपये द्यावेत, शिवाय राज्याने आपल्या खर्चाने तीन हजार स्वार आणि दोन हजार पायदळ कंपनीच्या कामासाठी सज्ज ठेवावे, आणि परदरबारांशी होणारा व्यवहार कंपनीच्या सल्ल्याने चालावा, असे त्यात ठरले.

या तहाचा बाह्य हेतू पेंढाऱ्यांपासून रक्षण हा होता. परंतु तो करणाऱ्याच्या मनातील शत्रू पेंढारी नव्हता. तो त्याच वाड्यात, दोन दालने पलीकडे राहत होता. घरातील भांडणासाठी बाहेरची तलवार आणली म्हणजे भांडण मिटले तरी तलवार राहते, हा अनुभव आप्पासाहेबांना दीड वर्षात आला. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी अंथरुणात मृत आढळले, त्या मृत्यूविषयी संशय राहिला, आणि आप्पासाहेब राजे झाले. परंतु राजा झाल्यावर त्यांच्या ध्यानी आले, की राजेपणाचा जो भाग हाती असावा असे वाटते तोच आपण लिहून दिलेला आहे. त्यांनी पुण्याशी गुप्त संधान बांधले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांनी खडकीवर कंपनीशी युद्ध मांडले. २४ नोव्हेंबरला आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेला मानाचा पोशाख भरदरबारात स्वीकारला. आणि २६ च्या संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई पेटली.

सीताबर्डीची टेकडी आज नागपूरच्या ऐन गजबजाटात उभी आहे आणि उमरेडहून शहरात कामासाठी जाणारा माणूस तिच्या पायथ्याजवळून रोज जातो. परंतु त्या रात्री तेथे काय घडले हे क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. टेकड्या दोन, एक मोठी व एक लहान, आणि मध्ये खिंडीसारखा उतार. रेसिडेंटाचे राहण्याचे ठिकाण पायथ्याशी, म्हणून त्या टेकड्या राखणे कंपनीला अवश्य होते. तैनाती फौजेचा मोठा भाग नर्मदेकडे गेलेला असल्यामुळे लेफ्टनंट कर्नल स्कॉटच्या हाताशी अवघे तेरा-चौदाशे शिपाई होते, तर समोर भोसल्यांची कित्येक हजारांची फौज आणि तीत जिवावर उदार होऊन लढणारे अरब. रात्रभर तोफा चालल्या. सकाळी लहान टेकडी अरबांनी जिंकून घेतली आणि तेथील तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली. कंपनीची पलटणे हताश होण्याच्या बेतात असताना कॅप्टन फिट्झजेराल्ड मूठभर स्वार घेऊन भोसल्यांच्या घोडदळावर तुटून पडला, पाठोपाठ लहान टेकडीवर दारूचा स्फोट होऊन अरबांत गोंधळ उडाला, आणि २७ च्या दुपारपर्यंत रणाचे पारडे फिरले. कंपनीचे ३६७ लोक मारले गेले किंवा जखमी झाले. ज्या पलटणांचा तनखा नागपूरच्या रयतेने भरलेल्या वसुलातून निघत होता, त्याच पलटणांनी नागपूरच्या राजाला त्याच्या राजधानीत हरवले.

पुढचा इतिहास उताराचा आहे. १६ डिसेंबरला दुसरी लढाई झाली, ६ जानेवारी १८१८ च्या तहाने मुलूख व अधिकार दोन्ही गेले, मार्चमध्ये आप्पासाहेबांना कैद करण्यात आले, कैदेत नेले जात असता वाटेतून ते निसटले, महादेवाच्या डोंगरांतून आणि असीरगडावरून भटकत उत्तरेकडे गेले, आणि १८४० साली जोधपुरास परक्याच्या आश्रयाने वारले. नागपूरच्या गादीवर अल्पवयी तिसरे रघुजी बसवले गेले, जेंकिन्सने १८२६ पर्यंत स्वतः कारभार चालवला, आणि ११ डिसेंबर १८५३ रोजी रघुजी निपुत्रिक वारल्यावर गव्हर्नर जनरल डलहौसीने १८५४ मध्ये उमरेडसकट सारे राज्य खालसा केले. सहीपासून खालशापर्यंत अडतीस वर्षे लागली.

मग नागपूरने जे केले तेच फिनलंडने केले काय? दोन्हीकडे भीती होती, दोन्हीकडे समर्थाचा आधार घेतला गेला. एवढ्यावरून दोन्ही तह एका मापाने मोजले तर मोठी चूक होईल. सैनिकी तहाचे स्वरूप चार प्रश्नांनी कळते. पहिला, फौज कोणाच्या हुकमात? नागपुरातील पलटणे कंपनीच्या अंमलदारांची होती आणि राजाचा हुकूम त्यांना लागू नव्हता. फिनलंडची फौज फिनलंडचीच आहे, तेथील तरुण सक्तीच्या सैनिकी शिक्षणातून जातात, आणि युद्धकाळी सुमारे २,८०,००० लोक शस्त्राखाली येतील अशी त्यांची तजवीज नाटोत जाण्याच्या आधीपासूनची आहे. दुसरा, खर्च कोणाला पोचतो? साडेसात लक्ष रुपये नागपूरच्या खजिन्यातून निघून दुसऱ्याच्या सैन्याचे बळ वाढवीत; नाटोचे सदस्य आपला बहुतांश खर्च स्वतःच्याच फौजेवर करतात. तिसरा, इतरांशी बोलण्याची मुभा आहे काय? आप्पासाहेबांचा पुण्याशी पत्रव्यवहार हाच गुन्हा ठरला. उलट नाटोत निर्णय सर्वसंमतीने होतात, इतके की एकट्या तुर्कस्तानाला किंवा हंगेरीला स्वीडनची वाट वीस महिन्यांहून अधिक काळ अडवून धरता आली. चौथा, बाहेर पडण्याचे दार आहे काय? नाटोच्या तेराव्या कलमाप्रमाणे सदस्याला एक वर्षाची पूर्वसूचना देऊन बाहेर पडता येते, आणि फ्रान्सने तर १९६६ साली संघात राहूनच त्याच्या एकत्रित सेनापतित्वातून अंग काढून घेतले, २००९ मध्ये तो पुन्हा आत आला. नागपूरच्या राजाने दार उघडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा सीताबर्डी घडली.

याचा अर्थ उत्तरेकडील तह निर्दोष आहे असा मात्र नाही. नाटोतही सारे सदस्य बळाने सारखे नाहीत. अमेरिकेचा शब्द जड आहे, आणि स्वीडन व फिनलंड यांनी तिच्याशी स्वतंत्र करार करून आपल्या काही लष्करी स्थळांचा वापर तिला खुला केला आहे. २०२५ च्या हेग येथील बैठकीत सदस्यांनी २०३५ पर्यंत संरक्षण व तत्संबंधी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या पाच टक्क्यांपर्यंत नेण्याचे मान्य केले, त्याचा भार शेवटी शाळा, दवाखाने आणि वृद्धांच्या निर्वाहाला लागणाऱ्या पैशावरच पडणार. आणि ज्या पाचव्या कलमात एकावरील सशस्त्र हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानावा असे म्हटले आहे, त्याच कलमात प्रत्येक सदस्याने स्वतःला आवश्यक वाटेल ती कृती करावी असेही लिहिले आहे. म्हणून ते कलम विश्वासावर उभे आहे, आणि विश्वास हा दर पिढीने नव्याने कमवावा लागतो. स्थापनेपासून आजवर हे कलम एकदाच, ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेवरील हल्ल्यानंतर, लागू करण्यात आले.

तरीही त्या पाचव्या कलमाकडे पाहताना नागपूर मुलखातील माणसाचे मन अस्वस्थ होते, कारण आपल्याकडे नेमके तेच नव्हते. पेशवे, शिंदे, होळकर, गायकवाड आणि भोसले या पाचांचे मंडळ नावाने होते. छत्रपतींच्या गादीविषयीची निष्ठा, एक भाषा, एक पराक्रमाची स्मृती, हे सारे होते. परंतु एकावर आलेले संकट सर्वांवर आले असे समजावे, असा निर्बंध पाळणारी व्यवस्था नव्हती. १८०२ साली गायकवाडांनी कंपनीचा आश्रय घेतला, इतरांनी पाहिले. १८०३ मध्ये शिंदे आणि भोसले असईला लढत असताना होळकर बाजूला राहिले. पुढच्या साली होळकर लढले, तेव्हा शिंदे आणि भोसले तहाने बांधले गेले होते. आणि १८१७ मध्ये, ज्या ५ नोव्हेंबरला पेशवे खडकीवर लढत होते, त्याच ५ नोव्हेंबरला दौलतराव शिंद्यांनी कंपनीशी तह करून आपण या युद्धातून अलग असल्याचे कबूल केले. तीन आठवड्यांनी सीताबर्डीला भोसले हरले, आणि २१ डिसेंबरला महिदपूरला होळकर. अवघ्या दोन महिन्यांत तिघे तीन ठिकाणी, आपापल्या वेळी, एकेकटे हरले.

सोबतीचा तह वेळेवर केला नाही म्हणजे पुढे आश्रयाचा तह करावा लागतो, हे नागपूरच्या इतिहासाचे सार मला वाटते. १९४९ साली शेजाऱ्यांचे आपसांतील मंडळ जमले नाही, तरी स्वीडन आणि फिनलंड यांनी आपापली सैन्ये राखली, १९९४ पासून नाटोशी सहकार्याचा परिपाठ ठेवला, २००९ मध्ये उत्तरेकडील पाचही देशांनी संरक्षणातील सहकार्याची एक व्यवस्था उभी केली, आणि मग जेव्हा संकट दाराशी आले तेव्हा त्यांनी उजेडात, संसदेत, मते मोजून निर्णय केला. नागपूरची सही रात्री झाली, आणि ती घरातल्याच माणसांपासून लपवावी लागली.

उमरेडचा किल्ला बांधणाऱ्या मुधोजीने पाचगावला भावाला मारून सत्ता मिळवली होती; त्याचाच नातू, त्याचेच नाव धारण करणारा, चुलत्याच्या घराविरुद्ध बाहेरचा आधार शोधीत त्या तहापर्यंत पोचला. म्हणून आमच्या गावातील उरलेली ती विटांची भिंत मुलांना दाखवताना तिची जाडी किती, एवढेच सांगून थांबू नये. पाचगाव आणि सीताबर्डी यांना जोडणारी वाटही त्यांना दाखवावी. ती वाट एकाच घरातून निघते.